पाच बहिणींचा अर्ज



जगभरातील यहुदी बांधव दर शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथ दिवशी, सभास्थानात तोरा वाचतात. तोरा म्हणजे आपल्या बायबलमधील पहिली पाच पुस्तके : उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. या पाच पुस्तकांचे त्यांनी ५४ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला 'पाराशा' म्हणतात. आठवड्याला एक पाराशा (वर्षात आठवडे कमी पडले तर दोन भाग जोडून) असे करीत वर्षभरात संपूर्ण तोरा वाचून होतो. शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी, 'सिम्हात तोरा' नावाच्या सणाला, लगेच उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून पुन्हा सुरुवात. मध्ये एका दिवसाचीही सुट्टी नाही.

ही प्रथा आपल्याला परकी वाटू नये. प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला ते याच उपासनेत. शब्बाथ दिवशी नगरोनगरी मोशेचे वाचन होते, याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. आपल्या मिस्सेतील शब्दविधी याच झाडाची फांदी आहे.

आज आम्हाला सांगायचे आहे ते मात्र या वाचनाभोवती बसलेल्या स्त्रियांविषयी. शतकानुशतके तोऱ्याचा अभ्यास हे पुरुषांचे काम मानले गेले. स्त्रीला तोरा शिकवावा की नाही यावर जुन्या रब्बींमध्ये चक्क दोन पक्ष होते. तरीही घरातल्या बायका वाचत होत्या. सतराव्या शतकाच्या आरंभी पोलंडकडील एका रब्बीने 'त्सेना उरेना' नावाचे पुस्तक रचले. दर आठवड्याच्या पाराशाप्रमाणे गोष्टी, टीका आणि बोध, आणि सगळे हिब्रूत नव्हे तर यिद्दिशमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. पूर्व युरोपातील यहुदी घराघरांत ते पोहोचले. शनिवारी दुपारी आई ते उघडून बसे आणि मुली भोवती जमत. (साधारण त्याच काळात, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे छापले गेले. देवाची कथा लोकांच्या भाषेत सांगावी, ही तळमळ दोन दूरच्या टोकांना एकाच सुमारास जागी झाली, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.)

पुढे पोलंडमधील क्राकूव शहरात सारा शेनिरेर नावाची एक शिवणकाम करणारी स्त्री होती. पहिल्या महायुद्धात ती व्हिएन्नाला गेली असता तिथल्या सभास्थानात तिने यहुदीथ या वीर स्त्रीवरील प्रवचन ऐकले आणि तिच्या मनाने घेतले की आपल्या मुलींना धर्मशिक्षण मिळालेच पाहिजे. १९१७ साली तिने क्राकूवमध्ये मुलींची शाळा काढली. त्यातून 'बेस याकोव' शाळांचे जाळे उभे राहिले. गंमत अशी की यहुदीथचे पुस्तक यहुद्यांच्या बायबलमध्ये नाहीच, ते आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये आहे!

पण ज्या बाईंवर आम्ही आज थोडे थांबणार आहोत त्यांचे नाव नेहामा लीबोविट्झ. १९०५ साली रीगा शहरात जन्म, पुढे बर्लिनमध्ये वास्तव्य, जर्मनीत डॉक्टरेट, आणि १९३० साली जेरुसलेमला स्थलांतर. तिथे त्या शिक्षिका झाल्या. १९४२ साली त्यांच्या वर्गात किब्बुत्झमधील म्हणजे सामुदायिक शेतीवरील काही स्त्रिया सहा महिन्यांची रजा घेऊन शिकायला आल्या होत्या. रजा संपली, गोठ्याकडे आणि शेताकडे परत जायची वेळ झाली. तेव्हा त्या म्हणाल्या, बाई, आमचे शिकणे थांबू देऊ नका. म्हणून नेहामाबाईंनी त्या आठवड्याच्या पाराशावर प्रश्नांचा एक कागद तयार करून टपालाने पाठवला. पुढच्या आठवड्यात दुसरा. असे करता करता तीस वर्षे, १९७१ पर्यंत, हे प्रश्नपत्रक निघत राहिले. सैनिक, परिचारिका, शेतकरी, वकील, घरी बसलेल्या आजीबाई, कोणीही उत्तरे लिहून पाठवावीत आणि बाईंनी ती लाल पेनाने तपासून परत धाडावीत. हजारो उत्तरपत्रिका त्यांनी स्वतः तपासल्या. अवघड प्रश्नापुढे त्या एक फुली मारीत, आणि फारच अवघड असेल तर दोन. १९५६ साली त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. १९९७ साली त्या वारल्या तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार थडग्यावर नावापुढे एवढेच कोरले : शिक्षिका.

त्यांची पद्धत उत्तरे देण्याची नव्हतीच. अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी एखाद्या वचनावर टीप लिहितो, तेव्हा बाई विचारीत, राशीला इथे अडले काय? वचनात काहीतरी खटकल्याशिवाय भाष्यकार लेखणी उचलत नाही. तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेताना आम्हाला सॉक्रेटिस शिकवला गेला. तोही प्रश्न विचारीतच हिंडला. पण सॉक्रेटिसच्या प्रश्नाने समोरचा माणूस बहुधा निरुत्तर होई. नेहामाबाईंच्या प्रश्नाने तो पुन्हा बायबल उघडीत असे. श्रद्धेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

एक उदाहरण घेऊ. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात राहेलला मूल होत नाही. बहीण लेआला मुलगे होत आहेत. राहेल याकोबाला म्हणते की मला मुले दे, नाहीतर मी मरेन. आणि याकोब, जो तिच्यासाठी चौदा वर्षे राबला तोच याकोब, तिच्यावर संतापतो. मी काय देवाच्या जागी आहे, असे विचारतो. प्राचीन रब्बींनाही हे आवडलेले नाही. त्यांच्या कथेत देव याकोबाला दटावतो की दुःखी स्त्रीला कोणी असे उत्तर देते काय? पण याकोब का संतापला? नेहामाबाई इथे पंधराव्या शतकातील स्पेनमधले रब्बी इसहाक आरामा यांचे भाष्य वाचकांपुढे ठेवतात. आरामा म्हणतात, पहिल्या स्त्रीला बायबलने दोन नावे दिली आहेत. पहिले नाव नारी, नरापासून झालेली. हिब्रूतील 'इश' आणि 'इश्शा' ही जोडी आपल्या मराठी बायबलने नर आणि नारी या शब्दांत किती सुंदर राखली आहे पाहा! हे नाव सांगते की स्त्रीला पुरुषासारखीच बुद्धी आहे, तिच्याकडून पुण्याची आणि ज्ञानाची तीच अपेक्षा आहे. दुसरे नाव हव्वा, सर्व जिवंतांची आई. हे नाव मातृत्वाचे. मूल झाले नाही तर दुसरे नाव रिकामे राहील, पण पहिले नाव कोणी काढून घेत नाही. मूल नाही तर मी मेलेलीच, असे म्हणताना राहेल आपले पहिले नाव विसरली, आणि याकोबाचा राग त्या विसरण्यावर होता, असे आरामा यांचे म्हणणे.

याकोबाची बाजू यातून पूर्ण सावरली जाते असे आम्हाला वाटत नाही. दुःखाने वेड्या झालेल्या माणसाला सिद्धांत ऐकवण्याची ती वेळ नव्हती. पण नेहामाबाईंना स्वतःला मूलबाळ नव्हते हे लक्षात घेतले की त्यांनी हेच भाष्य निवडून हजारो घरी का पाठवले असेल, असा विचार मनात येतोच. त्यांनी स्वतःविषयी त्यात एक अक्षर लिहिले नाही. आपल्याकडे लग्नाला दोन वर्षे झाली की वाटेत भेटणारी प्रत्येक मावशी-काकू विचारते, काय गं, काही आहे का? साखरपुड्याला, बाप्तिस्म्याला अशा बाईने पुढे व्हावे की मागे राहावे हे तिला कळत नाही. तिच्या पहिल्या नावाने तिला हाक मारणारे किती जण आहेत?

नेहामाबाई स्त्रीवादी चळवळीत नव्हत्या. त्यांना फक्त तोरा शिकवायचा होता. त्यांच्या मागून आलेल्या काही स्त्रियांनी मात्र अधिक बोचरे प्रश्न विचारले. अमेरिकेतील ज्युडिथ प्लास्कॉव या विदुषीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायावर बोट ठेवले. देव सीनाय पर्वतावर उतरणार आहे. तो मोशेला सांगतो की लोकांना पवित्र कर, त्यांनी कपडे धुवावेत, तिसऱ्या दिवसासाठी तयार राहावे. मोशे खाली येतो आणि लोकांना निरोप देतो, पण त्यात स्वतःची एक भर घालतो, की स्त्रीजवळ जाऊ नका. म्हणजे मोशे 'लोक' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे फक्त पुरुष आहेत. मग त्या दिवशी बायका कुठे होत्या? दहा आज्ञा कोणाला दिल्या? हा प्रश्न प्रथम ऐकताना कानाला कडक लागतो. पण रब्बींनीही तो आपल्या परीने ओळखला होता. त्याच अध्यायात देव याकोबाचे घराणे आणि इस्रायलचे पुत्र असे दोनदा म्हणतो, तेव्हा घराणे म्हणजे स्त्रिया, आणि देवाने त्यांचे नाव आधी घेतले, असा अर्थ त्यांनी लावून ठेवला आहे.

१९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये यहुदी स्त्रियांच्या एका मेळाव्यात सारा सेगर या उपासना-गायिकेने विचारले की संपूर्ण तोऱ्यावर स्त्रियांनी लिहिलेले भाष्य असायला काय हरकत आहे? बायकांनी पैसे जमवले, विदुषी जमवल्या, आणि २००८ साली 'द तोरा : अ विमेन्स कॉमेंटरी' हा जाडजूड ग्रंथ तयार झाला. त्यात प्रत्येक पाराशावर स्त्रियांनीच लिहिले आहे. लेवीयमधील रोगराईची आणि यज्ञांची रुक्ष वाटणारी पानेही त्यांनी सोडली नाहीत. साप्ताहिक पाराशाची शिस्तच तशी आहे. आवडीचा भाग घ्यायचा आणि अडचणीचा टाळायचा, ही सोय तिथे नाही. ज्या पाराशाला सारेचे नाव आहे, 'सारेचे आयुष्य', तो सुरू होतो तिच्या मृत्यूपासून. तोही दरवर्षी वाचावा लागतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारते, हे असे का?

आपल्याकडे काय आहे? निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री मुलगे जन्मताच मारावेत असा फारोचा हुकूम. या दोघी देवाला भितात आणि हुकूम मोडतात. बायबलमध्ये फारोला नाव नाही, सुइणींना आहे. नेहामाबाईंचे यावरील विवेचन फार मोलाचे आहे. त्या सुइणी इजिप्शियन असाव्यात, या मताकडे त्यांचा कल आहे. आणि मग त्या दाखवतात की तोऱ्यात देवाचे भय हा शब्द परक्याशी आणि दुबळ्याशी वागण्याच्या संदर्भात पुन्हा पुन्हा येतो : गरार देशात आब्राहाम परका असताना, योसेफाच्या हाती भाऊ सापडले असताना, अमालेकाने मागे पडलेल्या थकल्याभागल्यांना मारले तेव्हा. देवभीरू कोण हे ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याच्याशी आपण कसे वागतो यावरून कळते.

हा उतारा आपल्या मिस्सेतील वाचनांत शोधून पाहा. सामान्य काळातील पंधराव्या सोमवारी, विषम वर्षी, निर्गमाचा पहिला अध्याय वाचला जातो : ८ ते १४ ही वचने आणि मग एकदम २२. सुइणी आहेत १५ ते २१ मध्ये. वाचन आटोपशीर व्हावे म्हणून कात्री लागली असेल, कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण गेल्या ते त्या दोघीच. व्हॅटिकन परिषदेनंतर देववचनाचा जो खजिना आपल्यासाठी उघडला गेला त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरीही ज्या घरात बायका वाचायला बसतात त्या घरात गाळलेल्या जागा लवकर दिसतात, हे खरे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जानेवारीत वाचकाचे सेवापद अधिकृतपणे स्त्रियांसाठी खुले केले. आपल्या वेदीवर भगिनी वाचतात ते आपण रोज पाहतो. वाचलेल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र सहसा आमच्या कानी येत नाही.

आता आजच्या मथळ्यातील बहिणी. गणना, अध्याय २७. जुलैच्या सुमारास सभास्थानांतून हा पाराशा वाचला जातो. इस्रायली लोक वचनदत्त देशाच्या सीमेवर आहेत, जमिनीची वाटणी ठरते आहे, आणि ती पुरुषांच्या नावे होणार आहे. मनश्शेच्या वंशातील सलाफहाद वाळवंटात वारला. त्याला मुलगा नव्हता. पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या निवासमंडपाच्या दारापाशी जाऊन मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सारी मंडळी यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसावे? आम्हाला वाटा द्या. मोशेने निकाल दिला नाही. त्याने त्यांचा अर्ज देवापुढे नेला. आणि देवाने सांगितले की मुली बरोबर बोलत आहेत. त्यांना वाटा दे, आणि पुढे सर्वांसाठी हाच कायदा कर.

राशी म्हणतो, मोशेच्या डोळ्याला जे दिसले नाही ते या मुलींच्या डोळ्याला दिसले. रब्बींच्या एका जुन्या भाष्यात या बहिणी आपसांत मसलत करतात की माणसांची माया मुलग्यांकडे अधिक ओढते, पण देवाचे तसे नाही, त्याची माया सर्वांवर सारखी. या श्रद्धेच्या बळावर त्या तिथे उभ्या राहिल्या. त्या देवाविरुद्ध बोलायला गेल्या नव्हत्या, देवावर विश्वास होता म्हणून गेल्या होत्या. आजच्या यहुदी स्त्रिया या पाराशावर मोठ्या आवडीने लिहितात, पण त्या भाबड्या नाहीत. भाऊ असता तर या मुलींना काही मिळाले नसते, हे त्या स्पष्ट सांगतात. आणि गणनाच्या शेवटच्या अध्यायात वंशातील पुरुष तक्रार घेऊन येतात, तेव्हा मुलींवर अट पडते की लग्न आपल्याच वंशात करायचे. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने थोडे मागे घेतले. तरी यहोशवाच्या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, या पाचजणींना जमीन खरोखर मिळाल्याची नोंद आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव लागले.

सातबाऱ्याचे नाव काढले म्हणून थोडे आपल्या वसईचे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता कोणी वारले तर विधवेचा हिस्सा वगळून उरलेली मालमत्ता मुलगे आणि मुली यांच्यात समसमान वाटली जाते. भाऊ असले तरी. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या चौथा भाग किंवा ५००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या ख्रिस्ती भगिनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८६ साली ते थांबले. आपल्याकडे असा लढा द्यावा लागला नाही. आपल्याकडे हक्कसोडपत्र आहे. वाडी बिल्डरला द्यायची ठरली की बहिणींना बोलावणे जाते, जेवण होते, कागद पुढे येतो. सही केली तर माहेर टिकते, केली नाही तर सणाचे बोलावणे बंद. खुशीने सोडणाऱ्या बहिणी आहेत, आणि प्रेमाने वाटा देणारे भाऊही आम्ही पाहिले आहेत. पण मिस्सेला एकाच बाकावर बसणारी भावंडे एकमेकांना शांतीचे अभिवादन न करता समोर बघत उभी राहतात, त्यामागे पुष्कळदा हा कागद असतो. त्या पाच बहिणींचा अर्ज मोशेने घरच्या घरी मिटवला नाही, देवापुढे नेला. आपण आपला नेला आहे काय?

कोकणातील आपल्या जुन्या शेजाऱ्यांची आठवण इथे होते. बेने इस्रायल मंडळी रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बराच काळ त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना एवढे टिकले होते. चुलीजवळ पाळल्याशिवाय यातले बरेचसे टिकले नसते, असे आम्हाला वाटते. पुढे त्यांनी बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रचली. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथेही मराठी विसरले नाहीत.

आणि आपली पवित्र मारिया? तीही याच घरातली. लूककृत शुभवर्तमानातील तिचे स्तोत्र शमुवेलाच्या पुस्तकातील हन्नाच्या गीताशेजारी ठेवून वाचा. ओळींमागून ओळी जुळतात. ज्या मुलीने वचन कानांनी ऐकून मनात घोळवले तिलाच एलिझाबेथपुढे ते आपल्या शब्दांत उभे करता आले असते. देवदूत आला तेव्हा तिनेही आधी प्रश्नच विचारला होता, हे कसे होईल म्हणून.

नेहामाबाईंच्या पद्धतीचे प्रश्नपत्रक आपणही एकदा करून पाहू. गणना २७, वचने १ ते ११, घरी सर्वांनी मिळून वाचावीत. मोठ्या आवाजात, शक्यतो घरातील मुलीने किंवा आजीने. पहिला प्रश्न : पाचही बहिणींची नावे बायबलने एकदा नव्हे तर अनेकदा का दिली असावीत? दुसरा, एक फुलीचा : निकाल देण्याचा अधिकार असूनही मोशे गप्प का राहिला? तिसरा, दोन फुल्यांचा : मुलींची मागणी बरोबर होती तर ती त्यांनी मागेपर्यंत देवाने का थांबावे? उत्तरे वहीच्या कागदावर लिहून पुढील रविवारी साक्रिस्तीजवळच्या पेटीत टाकावीत. नाव लिहिले नाही तरी चालेल. लाल पेन आम्ही आणून ठेवले आहे.

आपले धर्मगुरू